विश्लेषण : सुरुवातीच्या स्टार्टअपना ‘टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर’ कशासाठी हवा? काम संस्थापकाचे, मग अधिकार आणि वाटा किती?

नोकरीच्या संकेतस्थळांवर ‘टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर’ हे पदनाम आता नवे राहिलेले नाही. जाहिरात देणारी कंपनी अनेकदा जेमतेम आठ-दहा जणांची असते. काही वेळा तर कंपनी अजून स्थापनही झालेली नसते. ती ‘शून्यापासून उभी करायची’ असते. अपेक्षांची यादी मात्र लांबलचक. ग्राहकांशी बोलायचे, काय बनवायचे ते ठरवायचे, अभियंत्यांकडून ते बनवून घ्यायचे, वापराची आकडेवारी तपासायची आणि वेळ आली तर गुंतवणूकदारांसमोर सादरीकरणही करायचे. पुणे, मुंबई किंवा बंगळूरुच्या मोठ्या आयटी कंपनीत चार-सहा वर्षे काढलेल्या अभियंत्याला हे पद खुणावते. पण हे पद नेमके काय आहे, ते कधी भरावे आणि स्वीकारणाऱ्याने काय तपासावे, याविषयी दोन्ही बाजूंना बराच गोंधळ दिसतो.

प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे नेमके कोण?

पहिला गोंधळ नावाचाच आहे. ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ आणि ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ ही दोन वेगळी कामे आहेत. ठरलेले काम ठरलेल्या वेळेत आणि खर्चात पूर्ण करून घेणे, ही प्रोजेक्ट मॅनेजरची जबाबदारी. मुळात कोणते काम करायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे ठरवणे प्रॉडक्ट मॅनेजरकडे असते. काम वेळेत झाले पण ते कोणी वापरलेच नाही, तर प्रोजेक्ट मॅनेजर उत्तीर्ण होतो, प्रॉडक्ट मॅनेजर नापास.

भारतीय आयटी क्षेत्राचा मोठा भाग सेवा व्यवसायावर उभा आहे. तिथे ‘काय बनवायचे’ हा निर्णय बहुतेक वेळा परदेशातील ग्राहक कंपनी घेते. बिझनेस अ‍ॅनालिस्ट त्या गरजा कागदावर उतरवतो आणि अभियंते त्यानुसार काम करतात. ‘स्क्रम’ या कार्यपद्धतीत ‘प्रॉडक्ट ओनर’ नावाची भूमिका असते, पण सेवा कंपन्यांत तिचे काम बऱ्याचदा कामांची यादी क्रमाने लावण्यापुरते उरते. स्टार्टअपमध्ये गरजांची यादी कोणी हातात देत नाही. ती शोधावी लागते, आणि शोधलेली यादी चुकीची निघाली तर कंपनीचे पैसे संपतात. सेवा कंपनीतून येणाऱ्या अभियंत्यासाठी खरा बदल हा आहे.

हे पद आले कुठून?

याचे मूळ संगणकात नाही, साबणात आहे. १३ मे १९३१ रोजी ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’मधील नील मॅकएल्रॉय या तरुण अधिकाऱ्याने तीन पानांचे एक टिपण लिहिले. ‘कॅमे’ हा साबण कंपनीच्याच ‘आयव्हरी’ साबणाच्या सावलीत राहत होता. प्रत्येक ब्रँडची विक्री, अडचणी आणि जाहिरात यांचा संपूर्ण भार वाहणारा स्वतंत्र माणूस हवा, अशी मागणी त्याने केली. ‘ब्रँड मॅनेजर’ ही व्यवस्था तिथून रुजली. मॅकएल्रॉय पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.

साबणाची ही शिकवण सॉफ्टवेअरपर्यंत नेणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्कॉट कुक. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये काम केलेल्या कुक यांनी १९८३ मध्ये ‘इन्ट्युइट’ स्थापन केली. हिशेबाचे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या ग्राहकाच्या परवानगीने त्याच्या घरी जायचे आणि तो ते कसे वापरतो, कुठे अडखळतो, हे शेजारी बसून पाहायचे, अशी पद्धत या कंपनीने रूढ केली. त्याच दशकात मायक्रोसॉफ्टने मॅकिंटॉशसाठी ‘एक्सेल’ बनवताना ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ ही भूमिका आकाराला आणली. वापरकर्त्याची बाजू आणि प्रोग्रॅमरची बाजू यांच्यामध्ये उभे राहून सॉफ्टवेअर कसे वागावे, हे लिहून काढणारा हा माणूस होता.

गुगलने २००२ मध्ये मरिसा मायर यांच्या पुढाकाराने ‘असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर’ योजना सुरू केली. व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या अनुभवी लोकांऐवजी तांत्रिक पाया असलेले ताजे पदवीधर घेऊन त्यांना घडवायचे, असा तो विचार होता. भारतीय वाचकांच्या परिचयाचे उदाहरण सुंदर पिचाई यांचे. आयआयटी खरगपूरमधून धातुशास्त्राची अभियांत्रिकी पदवी घेतलेले पिचाई २००४ मध्ये गुगलमध्ये प्रॉडक्ट मॅनेजमेंटच्या कामासाठीच दाखल झाले. आधी ‘गुगल टूलबार’ आणि नंतर २००८ मध्ये आलेला ‘क्रोम’ ब्राउझर, ही त्यांची सुरुवातीची कामे.

‘टेक्निकल’ या शब्दाने काय फरक पडतो?

टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजरने रोज कोड लिहावा, अशी अपेक्षा नसते. पण तंत्रज्ञानाच्या मर्यादेमुळे ग्राहकाच्या वाट्याला काय येईल, हे त्याला कळले पाहिजे. आर्थिक सेवांचे उदाहरण घ्या. यूपीआयने पैसे भरताना बँकेचा सर्व्हर वेळेत उत्तर देत नाही. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली, दुकानदाराला मात्र पैसे आल्याचा संदेश आला नाही. अशा वेळी पडद्यावर काय दिसावे? ‘व्यवहार फसला’ असे दाखवले तर ग्राहक दुसऱ्यांदा पैसे भरेल. ‘यशस्वी’ दाखवले तर दुकानदार फसेल. ‘प्रलंबित’ दाखवायचे, तर किती वेळ आणि त्यानंतर काय?

यामागे नियमही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेले पैसे खात्यातून वजा होऊनही समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदाराला पैसे मिळाल्याची खातरजमाच झाली नसेल, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. व्यवहाराची स्थिती विचारणारा एपीआय कसा वागतो आणि नियम काय सांगतो, या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असतील, तरच हा एक पडदा नीट बनतो.

शिक्षण क्षेत्रातही तेच. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ ठरते आणि तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सराव चाचणीचे अ‍ॅप बनवायचे, तर नोंदणीचा पहिला पडदाच त्यामुळे बदलतो. हे शेवटच्या आठवड्यात लक्षात आले, तर आधी केलेले काम मोडावे लागते.

अगदी सुरुवातीला हे काम कसे चालते?

समजा, नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीचा सल्ला देणारे अ‍ॅप बनवायचे आहे. कार्यालयात बसलेला अभियंता स्वाभाविकपणे कॅलेंडर बनवेल : अमुक तारखेला अमुक फवारणी. पण बागायतदार तारखेने हिशेब करत नाही. तो छाटणीपासूनचे दिवस मोजतो. ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी प्रत्येक प्लॉटवर वेगवेगळ्या दिवशी होते आणि एकाच शेतकऱ्याचे तीन प्लॉट असतील, तर तीन हिशेब चालतात. म्हणजे अ‍ॅपचा पाया ‘आजची तारीख’ नसून ‘प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख’ हा ठरतो. हे कळायला बागेत जावे लागते. आणि कळल्यावर डेटाबेसची रचनाच बदलावी लागेल, हे ओळखायला तांत्रिक समज लागते.

पुढचा निर्णय याहून महत्त्वाचा. अ‍ॅप आताच बनवायचे का? वीस बागायतदारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून, छाटणीच्या नोंदी एका एक्सेल शीटमध्ये ठेवून, रोज सकाळी हाताने संदेश पाठवला तर काय होते? पाऊस आला, डाऊनीचा धोका वाढला आणि शेतकरी स्वतःहून फोन करून विचारू लागले, तर गरज खरी आहे. महिनाभरात कोणी संदेश उघडलाही नाही, तर सहा महिन्यांचा कोड लिहिण्याचा खर्च वाचला. आपल्या मेहनतीचे सॉफ्टवेअर अजून बनवू नका, हे अभियंत्यांना पटवून देणे, हाही या पदाचाच भाग असतो.

ही युक्ती पुस्तकी नाही. बंगळूरुत सुरू झालेली ‘डन्झो’ ही कंपनी आरंभी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालत होती. लोक काम सांगत आणि माणसे ते करून देत. अ‍ॅप नंतर आले. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलने तिच्यात पैसे घातले. भारतीय स्टार्टअपमधील गुगलची ती पहिली थेट गुंतवणूक. ‘मीशो’ची कथाही अशीच. विदित आत्रे आणि संजीव बर्नवाल यांनी २०१५ मध्ये ‘फॅशनिअर’ नावाने जवळपासच्या कपड्यांच्या दुकानांसाठी अ‍ॅप काढले. ते चालले नाही. पण त्या धडपडीत एक गोष्ट त्यांच्या नजरेस पडली. दुकानदार आणि घरबसल्या व्यवसाय करणाऱ्या महिला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून आधीच विक्री करत होत्या. त्या सवयीभोवती मीशो उभी राहिली आणि डिसेंबर २०२५ मध्ये शेअर बाजारात दाखल झाली.

गरज अचूक ओळखणे हा प्रवासाचा आरंभ असतो, हमी नव्हे. डन्झोचे अ‍ॅप आणि संकेतस्थळ जानेवारी २०२५ मध्ये बंद पडले. झटपट घरपोच सेवेच्या शर्यतीतला खर्च तिला पेलला नाही.

मग संस्थापकच हे काम का करत नाहीत?

मीशो आणि डन्झोच्या उदाहरणात एक बाब सारखी आहे. शोध घेणारे स्वतः संस्थापक होते. पहिला प्रॉडक्ट मॅनेजर नेमण्याबाबतचा मुख्य वाद इथेच आहे.

‘सीबी इनसाइट्स’ या संस्थेने २०१४ मध्ये बंद पडलेल्या १०१ स्टार्टअपच्या संस्थापकांची आणि गुंतवणूकदारांची निवेदने तपासली. त्यातील ४२ टक्क्यांनी ‘बाजारात गरजच नव्हती’ हे एक कारण दिले होते. गरज आहे की नाही, हे ग्राहकाच्या तोंडून ऐकण्याचे काम संस्थापकाने पहिल्याच दिवशी दुसऱ्याकडे सोपवले, तर वाईट बातमी त्याच्यापर्यंत गाळून पोहोचते. पगारी माणूस मालकाच्या लाडक्या कल्पनेविरुद्ध किती ठामपणे बोलेल, हाही प्रश्न असतोच. २००९ मध्ये एअरबीएनबीची नोंदणी वाढत नव्हती, तेव्हा संस्थापक स्वतः न्यूयॉर्कला गेले. त्यांनी घरमालकांच्या भेटी घेतल्या आणि घरांचे चांगले फोटोही स्वतः काढले. फेसबुकने २०१२ मध्ये एक अब्ज डॉलरला घेण्याचे ठरवले, तेव्हा इन्स्टाग्राममध्ये अवघे १३ कर्मचारी होते. सुरुवातीच्या संघात व्यवस्थापनाची वेगळी फळी लागतेच असे नाही, हे यातून दिसते.

मोठ्या कंपन्यांतही या पदावर प्रश्नचिन्ह लागले आहे. जून २०२३ मध्ये ‘फिग्मा’ कंपनीच्या परिषदेत एअरबीएनबीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी, आपल्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजमेंटचे पारंपरिक स्वरूप मोडून ते विपणनाशी जोडल्याचे सांगितले. सभागृहातील डिझायनरांनी टाळ्या वाजवल्या. पण काम नाहीसे झाले नव्हते. ते दुसऱ्या रचनेत गेले होते आणि अंतिम निर्णय प्रमुखाच्या हाती आला होता.

तरीही नेमणूक रास्त ठरते, अशा परिस्थिती आहेत. संस्थापक डॉक्टर, शेतीतज्ज्ञ किंवा वित्त क्षेत्रातील जाणकार असेल आणि अभियंत्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारे कोणी नसेल, तर पहिली. संस्थापक विक्री आणि निधी उभारणीत अडकल्याने ‘हे असे करू की तसे?’ या उत्तरासाठी अभियंते दोन-दोन दिवस थांबत असतील, तर दुसरी. प्रत्येक मोठा ग्राहक आपल्यापुरता वेगळा बदल मागत असेल आणि उत्पादनाची सेवा कंपनी होऊ लागली असेल, तर तिसरी. चौथी परिस्थिती उत्पादनच तांत्रिक असण्याची. म्हणजे वापरणारे स्वतः अभियंते आहेत आणि विकायची वस्तू एपीआय किंवा विदा साठवण्याची सोय आहे. यांपैकी काहीच लागू नसेल, तर तोच पगार एका चांगल्या अभियंत्यावर किंवा विक्री प्रतिनिधीवर खर्च करणे शहाणपणाचे.

‘व्हेंचर स्टुडिओ’त हे पद वेगळे कसे?

‘स्टार्टअप उभ्या करण्यासाठी प्रॉडक्ट मॅनेजर हवा’ अशी जाहिरात बऱ्याचदा व्हेंचर स्टुडिओची असते. इन्क्युबेटर किंवा अ‍ॅक्सिलरेटर बाहेरून आलेल्या संस्थापकांना जागा, मार्गदर्शन आणि थोडे भांडवल देतात. स्टुडिओचा क्रम उलटा असतो. कल्पना, पैसा आणि सुरुवातीचा संघ स्टुडिओचा; कल्पना चालेल असे दिसले, तर तिची स्वतंत्र कंपनी काढली जाते आणि तिला प्रमुख शोधला जातो.

बिल ग्रॉस यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेली ‘आयडियालॅब’ ही या प्रकारातील जुनी संस्था. तिच्यातून निघालेल्या ‘गोटू डॉट कॉम’ने शोधाच्या निकालांत जाहिरातींचा लिलाव रुजवला. पुढे ‘ओव्हर्चर’ झालेली ही कंपनी २००३ मध्ये याहूने घेतली. बर्लिनच्या ‘रॉकेट इंटरनेट’ने २००७ पासून दुसरीकडे यशस्वी ठरलेल्या कल्पना नव्या बाजारांत वेगाने उभारण्याचा सपाटा लावला. भारतातील ‘जबाँग’मागे हीच संस्था होती. जुलै २०१६ मध्ये फ्लिपकार्टच्या मालकीच्या ‘मिंत्रा’ने जबाँग सात कोटी डॉलरला विकत घेतली. अमेरिकेतील ‘सटर हिल व्हेंचर्स’ या गुंतवणूक संस्थेने ‘स्नोफ्लेक’ला सुरुवातीपासून हात दिला. संस्थेचे माइक स्पायझर यांनी आरंभीची सुमारे दोन वर्षे प्रमुखपदही सांभाळले.

स्टुडिओत टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर एकाच वेळी दोन-तीन कल्पनांवर काम करतो. त्यातल्या बहुतेक बंद करायच्या असतात. इथे कौशल्य बनवण्याइतकेच थांबवण्याचे लागते. कोणत्या आकड्याला पोहोचलो नाही तर कल्पना गुंडाळायची, हे आधी लिहून ठेवावे लागते. नाहीतर प्रत्येक कल्पनेला ‘आणखी एक महिना’ मिळत राहतो. अडचण पुढे येते. एखादी कल्पना चालली की तिच्यासाठी बाहेरून मुख्य कार्यकारी अधिकारी आणला जातो, त्याला संस्थापकाचा वाटा मिळतो आणि ती शोधून काढणारा पुढच्या कल्पनेकडे वळवला जातो. म्हणून कंपनी स्वतंत्र झाल्यावर आपण तिच्यासोबत जाणार की स्टुडिओत राहणार, हे नेमणुकीच्या पत्रातच स्पष्ट असणे गरजेचे.

पगाराऐवजी मिळणाऱ्या ‘ईसॉप’चे गणित काय?

कमी पगाराची भरपाई म्हणून कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर ठरावीक किमतीला घेण्याचा पर्याय दिला जातो. त्यालाच ‘ईसॉप’ म्हणतात. कायद्यानुसार पर्याय दिल्यापासून तो हक्काचा होईपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते. बाजारात साधारण चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्क देण्याची प्रथा आहे. अकराव्या महिन्यात नोकरी सुटली, तर हाती काहीच लागत नाही.

स्टुडिओच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ईसॉप कंपनीच्या स्वतःच्या, तिच्या उपकंपनीच्या किंवा होल्डिंग कंपनीच्या कर्मचाऱ्यांना देता येतात. स्टुडिओकडे नव्या कंपनीचा केवळ अल्पांश वाटा असेल आणि ती तिची होल्डिंग कंपनी ठरत नसेल, तर स्टुडिओच्या पगारपत्रकावरील माणसाला नव्या कंपनीचे ईसॉप थेट मिळण्यात अडचण येते. ‘नंतर बघू’ हे आश्वासन त्यामुळे पुरेसे नसते.

टक्केवारीही फसवी असू शकते. समजा ०.५ टक्के वाटा मिळाला. पुढे दोनदा निधी उभारला आणि प्रत्येक वेळी नव्या गुंतवणूकदाराला २० टक्के दिले, तर तो वाटा ०.३२ टक्क्यांवर येतो. त्यातही गुंतवणूकदारांना आपली मूळ रक्कम आधी वसूल करण्याचा हक्क करारात असतो. २० कोटी गुंतवलेली कंपनी १५ कोटींना विकली गेली, तर ते १५ कोटी आधी त्यांच्याकडे जातात. सामान्य शेअरधारक आणि ईसॉपधारक यांच्यासाठी काही उरत नाही.

मग कर. पर्याय वापरून शेअर घेतले की त्या दिवशीची वाजवी किंमत आणि भरलेली किंमत यांतील फरक पगाराचे उत्पन्न धरला जातो. १० रुपयांना मिळालेल्या शेअरची किंमत ५१० रुपये असेल आणि असे हजार शेअर घेतले, तर पाच लाखांचे उत्पन्न दाखवावे लागते. ३० टक्के दराने दीड लाख रुपये कर आणि वर उपकर, तोही शेअर विकून एक रुपया हाती येण्याआधी. २०२० च्या अर्थसंकल्पाने हा कर काही वर्षे पुढे ढकलण्याची सवलत दिली. पण ती सर्व मान्यताप्राप्त स्टार्टअपना नाही. आयकर सवलतीसाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र मिळालेल्या मोजक्या कंपन्यांनाच ती लागू होते. शिवाय नोकरी सोडली की तीही संपते. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची मान्यता मिळालेल्या स्टार्टअपची संख्या जानेवारी २०२५ पर्यंत दीड लाखांवर गेली होती आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला आहे. त्यामुळे ‘आम्ही मान्यताप्राप्त आहोत’ एवढ्यावर समाधान मानून चालत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या पदाचे काय केले?

फेब्रुवारी २०२५ मध्ये संशोधक आंद्रेय करपाथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द वापरला. काय हवे ते साध्या भाषेत सांगायचे आणि कोड एआयकडून लिहून घ्यायचा, असा त्याचा अर्थ. आज प्रॉडक्ट मॅनेजर स्वतःच दोन-तीन दिवसांत चालता नमुना बनवून ग्राहकाच्या हाती देऊ शकतो. पूर्वी त्यासाठी अभियंत्यांच्या वेळेची वाट पाहावी लागे.

यातून पदाची गरज कमी होईल की वाढेल, यावर दोन मते आहेत. बनवणे सोपे झाले, तर मधल्या माणसाची गरज काय, असे एक मत. स्टॅनफर्डशी संबंधित संशोधक आणि उद्योजक अँड्र्यू एन्ग यांचे निरीक्षण वेगळे आहे. एन्ग यांचा ‘एआय फंड’ हाही स्टुडिओ पद्धतीनेच स्टार्टअप उभ्या करतो. कोड लिहिण्याचा वेग वाढल्याने काय बनवायचे हे ठरवणे आणि ग्राहकाचा प्रतिसाद मिळवणे, हीच आता अडणारी जागा झाली आहे, असे त्यांनी २०२५ मध्ये मांडले. आपल्या एका संघाने अभियंत्यांच्या दुप्पट प्रॉडक्ट मॅनेजर मागितल्याचेही त्यांनी सांगितले. आजवरचे प्रमाण नेमके उलटे, एका प्रॉडक्ट मॅनेजरमागे अनेक अभियंते असे होते.

दोन्ही मतांतून एक गोष्ट निघते. केवळ बैठका घेणारा आणि निरोप इकडून तिकडे पोहोचवणारा प्रॉडक्ट मॅनेजर अडचणीत येईल. एआयने लिहिलेला कोड ग्राहकाची विदा कुठे साठवतो, चूक झाल्यास काय घडते आणि वापर दहापट वाढल्यास बिल किती येईल, हे विचारू शकणाऱ्याची किंमत वाढेल.

निवड करताना आणि पद स्वीकारताना काय पाहावे?

कंपनीने मुलाखतीत कोडी घालण्यापेक्षा आपलीच एक खरी अडचण द्यावी. काम आठवडाभराचे असेल, तर त्याचे पैसे द्यावेत. उमेदवाराने दोन ग्राहकांशी बोलावे, एका एपीआयचे दस्तावेज वाचावे आणि एका पानात तीन गोष्टी लिहाव्यात : काय बनवायचे, काय बनवायचे नाही आणि आपण चुकलो आहोत हे कशावरून कळेल. यातला दुसरा आणि तिसरा भाग वाचला की माणूस बराच कळतो. मोठ्या कंपनीचे नाव अर्जावर असणे हा पुरावा नव्हे. तिथे तयार ग्राहक, तयार आकडेवारी आणि मदतीला वीस माणसे असतात.

उमेदवारानेही प्रश्न विचारायला हवेत. सध्याच्या खर्चाने कंपनीचे पैसे किती महिने पुरतील? ग्राहकांशी मी संस्थापकाला न विचारता बोलू शकतो का? गेल्या तीन महिन्यांत संस्थापकाने ग्राहकाचे ऐकून कोणता निर्णय बदलला? माझ्यात आणि संस्थापकात मतभेद झाला, तर कोणत्या बाबतीत माझा शब्द अंतिम असेल? कंपनीचे एकूण शेअर किती, त्यातले माझे किती, आणि नोकरी सोडल्यावर ते विकत घ्यायला किती दिवस मिळतील? अनेक योजनांत ही मुदत तीन महिने किंवा त्याहूनही कमी असते.

एकूण शेअरचा आकडा सांगायला कंपनी तयार नसेल, तर हाती दिलेल्या ‘दहा हजार शेअर’ला अर्थ राहत नाही. आणि कोणत्याच बाबतीत शब्द अंतिम नसेल, तर पदनाम काहीही असो, काम प्रोजेक्ट मॅनेजरचेच आहे. ते काम वाईट नाही. फक्त त्यासाठी स्थिर नोकरी सोडून अर्ध्या पगारावर जोखीम घ्यावी का, याचे उत्तर प्रत्येकाच्या घरच्या हप्त्यांवर अवलंबून आहे. हे प्रश्न राजीनामा दिल्यानंतर नव्हे, नेमणुकीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी विचारायचे असतात.